झबल्याच्या टॅगवर ‘ऑरगॅनिक’ लिहायचं होतं, त्याची ही गोष्ट

आधीच सांगते, मी टेक्स्टाइलवाली नाही. मुलुंडला राहते, बरीच वर्षं एका इन्शुरन्स कंपनीत क्लेमचे कागद तपासले, दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली आणि जून २०२४ मध्ये ठरवलं की तान्ह्या बाळांचे कपडे करायचे. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, आणि कटिंगमधून उरलेल्या तुकड्यांच्या छोट्या गोधड्या. कापड ऑरगॅनिक सुती. पहिला माल विकला गेला नोव्हेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात काय काय लागलं ते लिहून ठेवतेय कारण तेव्हा मी मराठीत शोधायचे तर ‘घरबसल्या महिना लाख’ टाइप व्हिडिओ सोडून काही मिळायचं नाही. शिवण हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, खरंच. डोकं खातं ते टॅग. म्हणजे टॅगवर काय लिहायचा आपल्याला हक्क आहे, आणि काय नाही.

सुरुवात सगळे करतात तशीच, बाजारातून. क्रॉफर्ड मार्केट, मंगळदास, मुळजी जेठा, सगळीकडे फिरले. मलमल आणि डबल गॉझ बघायचं होतं, ४४ इंच पन्ना, फार पारदर्शक नको. कापड सुंदर मिळतं, प्रश्नच नाही, साधी मलमल ऐंशी रुपये मीटरने हातात ठेवतात. पण ऑरगॅनिक विचारलं की गाळ्यावरचे शेठ एकच बोलायचे, ‘बेन, कॉटन है ना, तो ऑरगॅनिक ही है.’ एकाने तर ऑफव्हाइट कापड पुढे टाकलं आणि बोलला रंग बघा, ब्लीच नाही, म्हणजे ऑरगॅनिक. मी क्लेममध्ये घालवलेली वर्षं इथे उपयोगाला आली, कारण तिकडे सवयच असते की माणूस काय बोलतो ते नंतर ऐकायचं, कागद काय बोलतो ते आधी. कागद कुणाकडेच नव्हता. एकाने खादी घ्या असं पण सुचवलं, पण खादी हा शब्दसुद्धा असा वाटेल तसा वापरता येत नाही, त्याला २०१३ च्या नियमांखाली खादी आयोगाचा खादी मार्क लागतो. आयोगाचं मुख्यालय आपल्या विलेपार्ल्यातच आहे, इर्ल्याला, हे मला तेव्हा कळलं.

मग मी उलटीकडून, शेतापासून वाचायला घेतलं. नवऱ्याच्या मित्राचे मामा वर्ध्याकडे शेती करतात, त्यांना फोन लावला. ते हसले. बोलले, पोरी, बिनबीटीचं बियाणं कुठे मिळतंय ते आधी सांग. भारतात बीटी, म्हणजे जनुकं बदललेल्या (जीएम) कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आता देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटीचीच आहे, आणि ऑरगॅनिकमध्ये जीएम बियाणं चालतच नाही. बरं बियाणं मिळालं म्हणून लगेच कापूस ऑरगॅनिक होत नाही. आपल्या सरकारचा जो राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रम आहे, एनपीओपी, अपेडा ही केंद्राची शेतमाल निर्यातीची संस्था चालवते तो, त्यात कपाशीसारख्या हंगामी पिकाला पेरणीच्या आधीची दोन वर्षं रूपांतराची धरतात. ती दोन वर्षं शेतकरी रासायनिक खत-फवारणी बंद ठेवून, उत्पन्न घटलं तर ते सोसून, माल साध्या भावाने विकतो. मामा बोलले, ‘हे सगळं करायचं आन व्यापारी बोलणार कापूस तो कापूस.’ त्यांच्या त्या वाक्यामुळे मला पुढे पुरवठादाराचा भाव ऐकून कमी धक्का बसला.

आता मुख्य भानगड. कापूस शेतातून निघाला की जिनिंगला जातो, सरकी वेगळी, रुई वेगळी, गाठी होतात, मग सूतगिरणी, मग विणाई, मग प्रोसेसिंग म्हणजे धुणं, ब्लीच, रंग, आणि शेवटी शिवण. जीओटीएस म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड, त्याचं म्हणणं असं की यातली प्रत्येक पायरी सर्टिफाइड पाहिजे. एक जरी तुटली तर शेवटच्या कपड्यावर लोगो नाही. जात पडताळणीला जसे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत मागे जातात तसंच हे, कापडाचे बाप-आजोबा सगळे कागदावर दिसले पाहिजेत. आणि कागद दोन प्रकारचे असतात, हे नीट समजून घ्या कारण पुरवठादार बहुतेक वेळा एकच दाखवतात. एक स्कोप सर्टिफिकेट, म्हणजे ही कंपनी अमुक प्रकारचा माल जीओटीएसप्रमाणे करू शकते, मुदत अमुक तारखेपर्यंत. दुसरं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, लोक टीसी म्हणतात, ते म्हणजे ह्या इन्व्हॉइसमधला हा इतका माल खरंच सर्टिफाइड आहे. स्कोप आहे म्हणून तुम्हाला मिळालेला तागा ऑरगॅनिक आहे असं अजिबात नाही, तीच गिरणी साधा मालही बनवत असते.

टीसीवर मी एवढी का अडून बसले तर त्याला कारण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये खुद्द जीओटीएसनेच जाहीर केलं होतं की भारतात खोट्या ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटांवर २०,००० टनांपर्यंत कापूस ऑरगॅनिक म्हणून फिरवला गेला, आणि त्यात सापडलेल्या कंपन्यांवर बंदी घातली. ऑरगॅनिक कापसात आपला देश जगात पहिल्या नंबरला आहे आणि त्याच देशात हे, त्यामुळे ‘ओळखीतला माणूस आहे हो’ हे उत्तर मला पुरेसं नव्हतं.

जुलै-ऑगस्ट २०२४ नुसते मेल आणि फोन. तिरुपूर, इरोड, इंदूरकडचे, अहमदाबादचे. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही, कारण मी बोलायचे दीडशे मीटर पाहिजे आणि त्यांचा एमओक्यू, म्हणजे कमीत कमी ऑर्डर, हजार मीटरपासून सुरू. निटेड कापडाचं तर किलोत, रंगवून पाहिजे तर तीनशे किलोचा लॉट घ्या. रडू यायचं बाकी होतं. शेवटी एकाकडे स्टॉक सर्व्हिस निघाली, म्हणजे त्यांनी आधीच बनवून ठेवलेलं कापड थोडं थोडं देतात, रंगाला चॉइस नाही, फक्त नॅचरल आणि ऑफव्हाइट. मलमल २१० रुपये मीटर. साध्याच्या अडीचपट. टीसी हवं असेल तर त्याचे साडेचार हजार वेगळे आणि माल निघाल्यानंतर तीन-चार आठवडे थांबा, कारण ते त्यांना त्यांच्या सर्टिफाइंग संस्थेकडून काढावं लागतं. दीडशे मीटरवर साडेचार हजार म्हणजे मीटरमागे तीस रुपये नुसते कागदाचे. नवरा बोलला सोड ना. मी दिले.

एक टिप इथेच. कुणी स्कोप सर्टिफिकेटची पीडीएफ पाठवली की त्यावरचा नंबर जीओटीएसच्या साइटवरच्या पब्लिक डेटाबेसमध्ये टाकून बघा, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. नाव, पत्ता, मुदत आणि प्रॉडक्ट कॅटेगरी, चारही जुळवा. मला एकाने पाठवलेल्या सर्टिफिकेटची मुदत संपून वर्ष झालेलं, विचारलं तर रिन्यूअल चालू आहे बोलले, आणि मग परत फोन उचललाच नाही. हीच युक्ती दुकानातून घेणाऱ्यालाही चालते. खऱ्या जीओटीएस टॅगवर लोगोसोबत ‘ऑरगॅनिक’ की ‘मेड विथ ऑरगॅनिक’ ते लिहिलेलं असतं (पहिल्यात किमान ९५ टक्के सर्टिफाइड ऑरगॅनिक धागा, दुसऱ्यात किमान ७०), सर्टिफाय करणाऱ्या संस्थेचं नाव असतं आणि लायसन्स नंबर असतो. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर ते नुसतं पानच.

कापड सप्टेंबरात आलं. मऊ, थोडं पिवळट, मध्येच सरकीच्या सालीचे बारीक काळे ठिपके. जीओटीएसमध्ये क्लोरीनचं ब्लीच चालत नाही म्हणून ते टिनोपाल मारल्यासारखं पांढरंशुभ्र होत नाही. सासूबाई बोलल्या, ‘अगं हे धुतलेलं नाहीये का?’ पुढे प्रदर्शनात दहातल्या सहा बायकांनी हेच विचारलं, तर ह्याची तयारी ठेवा.

मग टेस्टिंग. मुंबईत ह्या बाबतीत आपण खरंच श्रीमंत आहोत. माटुंग्याला १९२४ पासूनची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, सिरकॉट, प्रभादेवीला टेक्स्टाइल कमिटी, घाटकोपरला एलबीएस रोडवर बिट्रा, वरळीला सास्मिरा. गिरण्या गेल्या पण लॅब राहिल्या. मी त्यातल्या एका ठिकाणी दोन मीटर कापड घेऊन गेले, धुतल्यावर किती आटतं, धागा नक्की काय आहे, पीएच किती, एवढ्याच टेस्ट टाकल्या, सगळं मिळून सहा हजारांच्या आसपास गेले, रिपोर्ट दहाएक दिवसांनी. काउंटरवर मी अगदी भाबडेपणाने विचारलं की ऑरगॅनिकची टेस्ट पण करून द्या. तिथले सर शांतपणे बोलले, ‘मॅडम, हे कॉटन आहे एवढं मी सांगू शकतो. शेतात काय फवारलं ते कापड सांगत नाही.’ धागा तोच, ऑरगॅनिक असो की नसो. जीएमची तपासणी कच्च्या रुईत होते, पण कापड प्रोसेस होऊन आलं की डीएनए इतका तुटलेला असतो की तिचा भरवसा राहत नाही. म्हणजे जी गोष्ट मी गिऱ्हाइकाला विकणार ती ना डोळ्याला दिसते, ना हाताला लागते, ना लॅबमध्ये सापडते, ती फक्त त्या टीसीवर आहे. हे ऐकून मी बाहेर येऊन चहा घेतला आणि पुष्कळ वेळ तशीच बसले. तोपर्यंत मी कागदांना कटकट समजत होते.

आटण्याचा रिपोर्ट मात्र सोन्यासारखा. लांबीला सहा टक्के आटत होतं. तान्ह्या बाळाच्या झबल्यात सहा टक्के म्हणजे एक धुण्यात माप बदललं. त्यामुळे सगळं कापड आधी भिजवून, वाळवून, मग कटिंग. मुलुंडच्या गच्चीवर दीडशे मीटर मलमल वाळत घालणं हा वेगळाच सोहळा होता, सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारून घ्या, आणि पावसाळ्यात हे काम काढूच नका.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली, टीसी आलं. दुसरी, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगबद्दलची (पर्यावरणाला चांगलं असल्याचे खोटे-मोघम दावे) मार्गदर्शक तत्त्वं १५ ऑक्टोबरला आली. ती मी पूर्ण वाचली, आणि तुम्हीही वाचा, फार मोठी नाहीत. साधारण असं, की ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’, ‘नॅचरल’ असले मोघम शब्द जाहिरातीत नुसते ठोकून द्यायचे नाहीत, नेमकं काय ते सांगायचं, पुरावा पाहिजे, आणि तो गिऱ्हाइकाला बघता आला पाहिजे, क्यूआर कोड किंवा लिंकने दिला तरी चालतो. माझ्या टॅगचं पहिलं डिझाइन भाचीने केलेलं, त्यावर ह्या चारमधले तीन शब्द होते. सगळे उडवले.

आणि इथेच सगळ्यात अवघड निर्णय होता. माझं शिवणकाम भांडुपच्या दोन मावशी करतात, घरी, एक साधं मशीन आणि एक ओव्हरलॉक. हात काय त्यांचा, बाळाला टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला घेतात, बटण नाही, बंद लावतात, आणि बंद ओढून बघितल्याशिवाय पीस बाजूला ठेवत नाहीत. पण जीओटीएसच्या नियमाने त्यांच्या घरी शिवलेल्या कपड्यावर लोगो लागणार नाही, कारण शेवटची पायरी सर्टिफाइड नाही. करून घ्यायचं तर दरवर्षी तपासणी, फी, नोंदवह्या, कामगारांचे रेकॉर्ड. मला आलेलं कोटेशन दीड लाखाच्या घरातलं होतं. दुसरा रस्ता म्हणजे सर्टिफाइड कारखान्यातूनच शिवून घ्या, तिकडे एका डिझाइनचे तीनशे पीस कमीत कमी, त्यांचाच टॅग, आणि मी फक्त थेट गिऱ्हाइकाला विकणारी, रिपॅक-रिलेबल काही न करणारी, तर मला स्वतःला सर्टिफिकेट लागत नाही. हिशोबाने बघितलं तर हा रस्ता स्वच्छ आहे. ज्यांना लोगो हवाच आहे त्यांनी हाच धरावा, मी कुणालाही हेच सांगेन.

मी नाही धरला. दोन महिने घोळवून मी ठरवलं की लोगो नको, मावशी पाहिजेत. मग टॅगवर जीओटीएस हे अक्षरही नाही, कुठेच नाही, इन्स्टाच्या पोस्टमध्येही नाही. टॅगवर फक्त एवढं लिहिलंय की कापड १०० टक्के सुती, कापूस प्रमाणित ऑरगॅनिक, शिवण भांडुपला घरगुती, शिवणीला सर्टिफिकेट नाही, कापडाचे कागद बघायला कोड स्कॅन करा. कोडमागे टीसी आहे, त्यातले रेट-क्वांटिटीचे आकडे झाकून, पुरवठादाराची लेखी परवानगी घेऊन. भाची बोलली, ‘मावशी, आपणच स्वतःच्या टॅगवर “नाही” असं लिहायचं का?’ हो, तेच.

रिसायकलचं जरा वेगळं प्रकरण. गोधडीत भरायला मला पातळ वॅडिंग पाहिजे होतं आणि बाजारात रिसायकल्ड पॉलिएस्टरचं मिळतं, पेट बाटल्यांपासूनचं, स्वस्त, हलकं, पटकन वाळतं. त्याचं स्टँडर्ड जीआरएस, ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड, त्यात सर्टिफिकेटसाठी किमान २० टक्के रिसायकल्ड माल लागतो पण कपड्यावर लोगो लावायला ५० टक्के. हे पण स्कोप आणि टीसीवरच चालतं. मी सॅम्पल घेतलं, शिवून बघितलं, आणि मुंबईच्या मे महिन्यात ती गोधडी स्वतःच्या अंगावर घेऊन झोपले. घामाने चिकचिक. तान्ह्या बाळाला नाही घालणार बाई. रिसायकल्ड कॉटनपण बघितलं, तिरुपूरच्या कटिंगच्या चिंध्या रंगाप्रमाणे वेगळ्या करून, पिंजून परत सूत काढतात, त्यामुळे वेगळा रंग द्यावाच लागत नाही, ही आयडिया मला जाम आवडली. पण पिंजताना धागा तुटून आखूड होतो म्हणून त्यात नवा कापूस नाहीतर पॉलिएस्टर मिसळावं लागतं, आणि पोत जाडाभरडा येतो. बाळाला नाही, पण मी त्या कापडाच्या पिशव्या करून घेतल्या, झबली त्यातच पॅक करून देते. पिशवीवर ‘रिसायकल्ड’ छापलं नाही कारण इतक्या कमी मालाला टीसी मिळालं नाही. कोरीच आहे पिशवी, लोक भाजी आणायला नेतात.

गोधडी शेवटी आपल्या आज्या करायच्या तशीच केली. आत जुनी धुऊन मऊ झालेली सुती साडी, वर झबल्याच्या काखेतून निघालेले तुकडे. साड्या ओळखीतल्यांकडून. आमच्याकडे बोहारणीला द्यायला काढलेलं गाठोडं आता माझ्याकडे येतं, सासूबाईंचा भांड्यांचा सौदा बुडाला म्हणून त्या जरा नाराज आहेत. टॅगवर सरळ लिहिते, आत वापरलेली सुती साडी, वर कटिंगचे तुकडे. एवढं वाचून ज्यांना नको वाटतं त्या घेत नाहीत, आणि ते ठीकच आहे, वापरलेलं कापड बाळाला नको वाटणारे लोक असतात.

रजिस्ट्रेशनचं आता भराभर सांगते कारण हे सगळीकडे मिळतं, फक्त क्रम नाही मिळत. मी असा केला: आधी उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर होतं, अगदी फुकट, गुगलवर वर वर दिसणाऱ्या दोन-तीन हजार मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत, त्यांच्या नादी लागू नका. मग गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद, मी केलं तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर २०१७ च्या कायद्याने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती. ह्या दोन कागदांवर बँकेत करंट अकाउंट उघडलं. मग जीएसटी, महाराष्ट्राबाहेर कुरियर करायचं तर माल विकणाऱ्याला लागतोच, चाळीस लाखांपर्यंतच्या उलाढालीची सूट तिथे कामाला येत नाही. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतीपत्र आणि महावितरणचं बिल. बिलावर अजून सासऱ्यांचं नाव, त्यामुळे क्वेरी आली, आरईजी-०३ नावाची नोटीस असते, घाबरू नका, सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आम्ही सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि मालमत्ता कराची पावती जोडली आणि आठवड्याभरात नंबर आला. पीटीईसी, व्यवसाय कर, वर्षाला २५००, हा सगळे विसरतात आणि मग दंडासकट भरतात. आणि आपण स्वतः पॅक करतो म्हणून वैध मापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी, फी ५००.

टॅगवर कायद्याने काय पाहिजे त्यात सगळे अडकतात. पॅकवर नाव-पत्ता, वस्तूचं साधं नाव, नग किती, महिना-वर्ष, सगळे कर धरून एमआरपी, तक्रारीसाठी फोन-ईमेल. साइज नुसती ‘०-३ महिने’ न लिहिता सेंटिमीटरमध्ये छातीचं मापही द्या. घरचा पत्ता आणि स्वतःचा मोबाइल सगळ्यांच्या हातात जाणार ह्याची भीती वाटली, मोबाइलसाठी वेगळं सिम घेतलं, पत्त्याला इलाज नाही. ही सगळी माहिती पुठ्ठ्याच्या टॅगवर, झबल्याला आतून मानेशी काहीही शिवायचं नाही, सॅटिनचं लेबल बाळाला काचतं.

जीएसटीचे दर: बाळांचे कपडे आधी हजारापर्यंत ५ टक्केच होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून ती मर्यादा अडीच हजार झाली, म्हणजे झबल्याला फरक पडला नाही पण तेराशेच्या गोधडीवर आधी १२ लागले असते ते आता ५. बिलिंगमध्ये एचएसएन, म्हणजे वस्तूचा कोड, नीट टाका, विणलेल्या कापडाचे बाळकपडे ६२०९, होजियरीचे ६१११.

ट्रेडमार्क अजून चालूच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये क्लास २५ मध्ये, म्हणजे कपड्यांच्या वर्गात, अर्ज केला, वैयक्तिक अर्जाला ऑनलाइन ४५०० फी, एजंटचे तीन हजार वेगळे. एजंट मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की नावात ‘ऑरगॅनिक’, ‘सुती’, ‘बाळ’ असलं वर्णन करणारं काही नको, कलम ९ ला अडकतं. तरी कलम ११ चं ऑब्जेक्शन आलं, आधीची दोन मिळतीजुळती नावं दाखवून. उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, ते चुकवायचे नाहीत. आम्ही दिलं, मग कित्येक महिने स्टेटस हलेना, मी रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडायचे, सवयच लागली होती. २०२५ च्या पावसाळ्यात व्हिडिओवर सुनावणी झाली, पाचेक मिनिटांची, आणि ऑक्टोबरात ट्रेडमार्क जर्नलला नाव आलं.

पैशाचा हिशोब मागतात सगळे म्हणून: एका झबल्याला साधारण १२० चं कापड (टीसी धरून), ४५ शिलाई, पिशवी-टॅग २५, वर टेस्ट आणि रजिस्ट्रेशनचा वाटा. विकते ३९० ला. दादरला रस्त्यावर सत्तर-ऐंशीला झबलं मिळतं, आणि ते वाईट असतं असं मी कधीच बोलणार नाही, माझी दोन्ही मुलं त्यातच वाढली. पहिल्या खेपेत सगळं मिळून एक लाखाच्या आत बसलं, मशीन मावशींचीच होती म्हणून. अजून नफा नाही. मावशींचे पैसे मात्र पीस हातात आल्या दिवशी.

नोव्हेंबरमध्ये ठाण्याच्या एका प्रदर्शनात टेबल लावलं, बारशाच्या सीझनचं. कोड स्कॅन करणाऱ्या मोजक्याच, त्यातल्या एका मुलीने मात्र टीसीवरची तारीख आणि टॅगवरची तारीख ताडून बघितली आणि हे कापड वर्ष जुनं कसं ते विचारलं. मला तिला बसवून चहा पाजावासा वाटला.

पुरवठादाराला पहिल्याच मेलमध्ये विचारायचे प्रश्न देऊन ठेवते, कॉपी करा: स्कोप सर्टिफिकेटचा नंबर आणि मुदत काय, ह्याच लॉटचं टीसी माझ्या नावावर मिळेल का, त्याचा खर्च आणि वेळ किती, टीसीची माहिती गिऱ्हाइकाला दाखवायला हरकत आहे का, कापड प्री-श्रंक (आधीच आटवलेलं) आहे का, पुढच्या वेळी तेच जीएसएम (चौरस मीटरमागे वजन) मिळेल का. टीसी मिळेल का ह्या प्रश्नाला जो टाळाटाळ करेल त्याला सोडून द्या, भाव कितीही चांगला असो.

नवं कापड फेब्रुवारीत येतंय, ह्या वेळी अडीचशे मीटर. जर्नलचे चार महिनेही तेव्हाच संपतायत, कुणी हरकत घेतली नाही तर नावापुढे गोलातला आर लावता येईल. तोपर्यंत टीएम.